परका मासा: कात्रज ते कावेरी

गोड्या पाण्यात गळ किंवा जाळे टाकणाऱ्याच्या हाती त्या पाण्यात अपेक्षित नसलेला मासा आला, तर त्या घटनेचे निदान चार अर्थ संभवतात, आणि ते एकमेकांपासून फार दूरचे आहेत. तो मासा माणसाने दुसऱ्या खंडातून आणलेला असू शकतो. याच देशातला, पण दुसऱ्या नदीखोऱ्यातून आणून सोडलेला असू शकतो. मुळात इथलाच, परंतु नाहीसा झाला असे समजून सर्वांनी विसरलेला असू शकतो. किंवा ज्याला शास्त्राने अद्याप नावच दिलेले नाही, असाही असू शकतो. मासे धरणाऱ्याच्या दृष्टीने चारही प्रसंगांत आश्चर्य सारखेच असते. नदीच्या दृष्टीने मात्र पहिल्या दोन शक्यता धोक्याच्या, तिसरी दिलाशाची आणि चौथी ज्ञानाची ठरते. पुणे शहराचे दक्षिण टोक असलेल्या कात्रजपासून निघणारे पाणी ज्या नद्यांना मिळते, त्या नद्यांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करणे विशेष फलदायी आहे, कारण इथे परकी मासळी आली तशीच इथली मासळीही बाहेर जाऊन दुसऱ्या नदीत परकी ठरली.

मासा अनपेक्षित का वाटतो, याचे एक कारण हंगामात आणि साधनात दडलेले असते. उत्तर अमेरिकेत आणि उत्तर युरोपात गोठलेल्या तळ्यावरच्या बर्फाला भोक पाडून त्यातून दोर सोडण्याची पद्धत आहे. मिनेसोटा किंवा कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना ती परिचित आहे. पाण्याची घनता सुमारे 4 अंश सेल्सियसला सर्वाधिक असल्यामुळे त्या तापमानाचे पाणी तळाशी बसते, त्याहून थंड पाणी वर राहून गोठते, आणि बर्फाखाली मासे जिवंत राहतात. मात्र त्यांतले बहुतेक सुस्तावलेले असतात. बर्बट हा कॉड कुळातला, पण गोड्या पाण्यात राहणारा मासा याला अपवाद आहे, कारण तो भर हिवाळ्यात, बर्फाखालीच अंडी घालतो. उन्हाळ्यात वर्षानुवर्षे त्याच तळ्यात गळ टाकणाऱ्याला जो कधी दिसला नाही, तो जानेवारी-फेब्रुवारीत एकाएकी दोराला लागतो, तेव्हा तळ्यात नवे काही घडलेले नसते. पाहण्याची वेळ तेवढी बदललेली असते. दख्खनमध्ये बर्फाचे हे काम पहिला पाऊस करतो. ओढ्यांना पाणी येताच प्रवाहाविरुद्ध चढणारे मासे, ज्यांना लोक चढणीचे मासे म्हणतात, अशा ठिकाणी सापडतात जिथे महिन्यापूर्वी वाळू होती. अशा मासळीला परकी ठरवण्यापूर्वी ती कोणत्या ऋतूत आणि कोणत्या साधनाने मिळाली हे विचारणे आवश्यक असते, कारण मोठ्या आसाच्या जाळ्यातून निसटणारी मुरी किंवा मळ्या ही बोटाएवढी मासळी पोरांच्या फडक्यात सहज येते.

अनपेक्षित कशाला म्हणायचे, यासाठी अपेक्षित काय होते याची यादी लागते, आणि या बाबतीत पुणे भाग्यवान आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातील अधिकारी विल्यम हेन्री साइक्स याने मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी पाहणी करताना मुळा-मुठा, भीमा आणि त्यांच्या उपनद्यांतील मासे गोळा केले, चितारले आणि 1830 च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे त्यांचे वर्णन मांडले. नवी नावे देताना त्याने अनेकदा मासेमार भोयांच्या तोंडचीच नावे लॅटिन घडणीत बसवली, त्यामुळे कोळस, मळ्या, नुकता, शिंगटी ही मराठी नावे आजही जगभरच्या मत्स्यशास्त्रीय ग्रंथांत वावरतात. त्यानंतर फ्रेझर यांनी 1942 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात पुण्याच्या माशांची यादी दिली, टोणपी आणि मुल्हेरकर यांनी 1963 मध्ये तीत भर घातली, आणि 2003 मध्ये वाघ व घाटे यांनी मुळा-मुठेचे, तर खरात, डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्ह्यातील दीर्घकालीन बदलांचे विवेचन प्रसिद्ध केले. भारतातल्या फारच थोड्या शहरांच्या नद्यांबाबत पावणेदोनशे वर्षांचा असा धागा उपलब्ध आहे. या याद्या एकापुढे एक ठेवून वाचल्या तर एक गोष्ट स्पष्ट होते: जुन्या यादीतील काही नावे पुढे विरळ होत जातात आणि जी मुळीच नव्हती ती नावे ठळक होतात. कपाळावर शिंगासारखा उंचवटा असलेला नुकता आणि शिळंद या नावाने ओळखला जाणारा मोठा शिकारी मासा हे दोघेही आज आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत संकटग्रस्त वर्गात आहेत, आणि त्यांचे शास्त्रीय वर्णन पुण्याच्या याच परिसरातून झाले होते.

नव्या नावांपैकी सर्वांत जुनी आवक सरकारी धोरणातून झाली, हे आज सहसा आठवले जात नाही. डासांच्या अळ्या खाण्यासाठी दक्षिण अमेरिकेतील गप्पी विसाव्या शतकाच्या आरंभी आणि उत्तर अमेरिकेतील गॅम्बुझिया 1928 मध्ये भारतात आणला गेला. अन्नासाठी सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, 1939 मध्ये निलगिरीत आणि त्याचा दुसरा वाण 1957 मध्ये बँकॉकहून आला. चंदेऱ्या, म्हणजे सिल्व्हर कार्प, आणि गवत्या, म्हणजे ग्रास कार्प, हे दोघेही 1959 मध्ये अनुक्रमे जपान आणि हाँगकाँगहून आले. त्याच सुमारास, 1957 च्या जुलैमध्ये, हिरालाल चौधुरी यांनी ओडिशातील अंगुल येथे पियुष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प जातीच्या माशांचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले, आणि मत्स्यबीज, म्हणजे बोटभर वाढवलेली पिले, कोणत्याही धरणात हवी तेव्हा सोडता येऊ लागली. गंगेच्या खोऱ्यातले रोहू, कटला आणि मृगळ दख्खनच्या धरणांतले नित्याचे मासे झाले ते यामुळे. पुण्याच्या मंडईत आज ज्याला देशी मासा म्हणून भाव मिळतो तो रोहूसुद्धा भीमेच्या दृष्टीने पाहुणाच आहे, हे मान्य करणे अनेकांना जड जाते. तरीही विचारात सुसंगती हवी असेल तर ते मान्य करावे लागते. शिवाय बीजाच्या पिशवीत हजारो पिले असतात आणि बोटभर वयात जाती ओळखणे कठीण असते, त्यामुळे कागदावर ज्याचे नाव नाही असा मासाही धरणात उतरतो.

चिलापीची गोष्ट वेगळी सांगावी लागते, कारण कोणत्याही एका जातीने दख्खनची पाण्याची पंगत एवढी बदलली नसेल. मोझांबिक टिलापिया, म्हणजेच चिलापी, 1952 मध्ये श्रीलंकेहून भारतात आली आणि अवघ्या सात वर्षांत, 1959 मध्ये, मत्स्यसंशोधन समितीने तिच्या प्रसारावर बंदी घातली. पण तोवर ती सुटली होती. नर तळाच्या गाळात बशीसारखा खळगा करतो, मादी तिथे अंडी घालून ती लगेच तोंडात भरून घेते, आणि पिले बाहेर पडल्यावरही धोका दिसताच ती पुन्हा आईच्या तोंडात शिरतात. ज्या माशाची अंडी वाऱ्यावर, म्हणजे प्रवाहावर, सोडलेली असतात त्याच्याशी अशा संगोपनाची बरोबरी होऊ शकत नाही. ती दोन-तीन महिन्यांची झाली की वीण सुरू करते, वर्षातून अनेकदा घालते, आणि प्राणवायू कमी असलेल्या गढूळ पाण्यात तग धरते. दाटी झाली की तिची वाढ खुंटते, त्यामुळे जाळे भरते पण त्यात तळहाताएवढे मासेच असतात. शहरातील सांडपाणी मिळणाऱ्या नद्या आणि तलाव हे तिला अनुकूल घरच आहे. भीमेवरच्या उजनी जलाशयात ती प्रमुख मासळी बनली आहे आणि भिगवणच्या बाजारात तिच्यावर अनेक कुटुंबे जगतात. म्हणून तिला केवळ शत्रू म्हणणे मासेमाराच्या संसाराकडे पाठ फिरवणे ठरेल, आणि तिला उपकारक म्हणणे नदीकडे.

दुसरी लाट व्यापाराची होती आणि ती चोरून आली. आफ्रिकन मांगूर हा मासा 1990 च्या दशकाच्या आरंभी बांगलादेशातून बेकायदा आला. तो वेगाने वाढतो, काहीही खातो, फांद्यांसारख्या पूरक श्वसनेंद्रियामुळे हवेतला प्राणवायू घेऊ शकतो आणि ओल्या जमिनीवरून थोडे अंतर सरपटूही शकतो. केंद्र सरकारने 2000 मध्ये त्याच्यावर बंदी घातली, राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये तिची कडक अंमलबजावणी करण्यास सांगितले आणि महाराष्ट्रात बेकायदा तळी शोधून साठे नष्ट करण्याच्या कारवायाही झाल्या. अडचण अशी की देशी मांगूर खाण्यास आणि औषधी म्हणून नावाजलेला असल्याने परक्याची विक्री त्याच्याच नावाने होते. डोक्याच्या मागच्या हाडाची कड देशी माशात एकसारखी निमुळती होत जाते, तर आफ्रिकन माशात ती तीन बोथट कोनांची, नागमोडी दिसते. विकत घेणाऱ्याने एवढे पाहिले तरी फसवणूक पुष्कळ टळते.

तिसरी आणि सर्वांत अलीकडची लाट घरातल्या काचेच्या पेटीतून आली. पेटीच्या काचेवरचे शेवाळ साफ करण्यासाठी विकला जाणारा, दक्षिण अमेरिकेतील सकर मासा, ज्याला भीमेकाठी हेलिकॉप्टर म्हटले जाते, पेटीत मावेनासा झाला की तळ्यात सोडला जातो. हातात घेतल्यावर तो मासा आहे यावरच विश्वास बसत नाही: खवल्यांच्या जागी हाडांच्या खरबरीत तकट्या, पाठीवर उभारलेला शिडासारखा पर, खालच्या बाजूला चोषकासारखे तोंड, आणि जाळ्यात अडकला की परांचे काटे रुतून जाळे कापल्याशिवाय तो सुटत नाही. त्याला खाणारा ग्राहक नाही, त्याला गिळू शकणारे प्राणी थोडे, आणि अंड्यांसाठी तो काठाच्या मातीत बिळे करतो, त्यामुळे काठ ढासळतात. उजनीत तो सापडल्याच्या बातम्या आल्या आहेत; 2020 मध्ये तो वाराणसीजवळ गंगेत सापडला तेव्हा देशभर चर्चा झाली. तीच कथा मगरीसारख्या जबड्याच्या अ‍ॅलिगेटर गारची आहे, जो 2023 मध्ये भोपाळच्या बड्या तलावात गळाला लागला आणि त्याच वर्षी श्रीनगरच्या दल सरोवरातही मिळाला. केरळात ऑगस्ट 2018 च्या महापुरानंतर खासगी तळ्यांतून निसटलेला अरापाइमा नद्यांत आढळला, यावरून पूर हा परक्या मासळीचा केवढा मोठा वाटाड्या आहे हे ध्यानात येते.

कात्रजचे महत्त्व नेमके इथे आहे. अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांनी इथे बांध घालून तलाव करवले आणि जमिनीखालच्या दगडी नळांतून, जागोजागी उच्छ्वास ठेवून, ते पाणी शहराच्या हौदांपर्यंत नेले. आज खालचा तलाव राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाच्या आवारात असून उद्यानाच्या सुमारे 130 एकरांपैकी 42 एकर त्यानेच व्यापले आहेत. भोवती दाट वस्ती झाली आहे. हे तलाव भरून वाहिले की पाणी आंबिल ओढ्याने पद्मावती, अरण्येश्वर, दांडेकर पूल असे करत मुठेला मिळते. मुठा मुळेला, मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला आणि भीमा पुढे उजनीला, असा हा अखंड जलमार्ग आहे. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने माणसांचे बळी घेतले, घरे वाहून नेली; त्या लोंढ्यातून तलावातले जिवंत काय काय खाली उतरले याची मोजदाद कोणी केली नाही, आणि तशा संकटात ती अपेक्षितही नव्हती. परंतु कात्रजच्या तळ्यात कोणी कंटाळून सोडलेला शोभेचा मासा ही खासगी बाब राहत नाही, एवढे या नकाशावरून दिसते. प्राणिसंग्रहालय शेजारीच असल्यामुळे तिथे सोडलेला जीव सुखात राहील, ही समजूतही निराधार आहे.

आता दुसरी बाजू. साइक्सने मुळा-मुठेतून वर्णिलेल्या माशांत महसीर वर्गातील टोर खुद्री ही जात होती, जिला मराठीत खडशी म्हणतात. वाळणकोंड येथे आणि तिळसे येथे भाविक ज्या महसीर माशांना देवाचे मासे म्हणून खाऊ घालतात, त्यांच्या या कुळाला धरणांमुळे आणि सुरुंगाच्या मासेमारीमुळे उतरती कळा लागली, तेव्हा टाटा वीज कंपन्यांनी 1970 च्या दशकात लोणावळ्याजवळ वळवण येथे त्याचे कृत्रिम प्रजनन सुरू केले. उपक्रम यशस्वी झाला, त्याचे कौतुक झाले, आणि तिथली पिले देशभरच्या नद्यांत गेली. त्यांतली काही कर्नाटकात कावेरीत सोडली गेली, जिथे एक वेगळाच महसीर, नारिंगी परांचा आणि पाठीला कुबड असलेला, जगभरच्या गळवाल्यांना खेचून आणत होता. त्या महसीराला तेव्हा निश्चित शास्त्रीय नाव नव्हते; 2018 मध्ये तो टोर रेमादेवी ही जात असल्याचे ठरले आणि त्याच वर्षी ती अतिसंकटग्रस्त घोषित झाली.

या ऱ्हासाचा पुरावा कुठून मिळाला, हे या आढाव्यात सर्वांत महत्त्वाचे आहे. पिंडर, राघवन आणि ब्रिटन यांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कावेरीकाठच्या मासेमारी शिबिरांच्या 1998 ते 2012 या काळातील नोंदवह्या वापरल्या. तिथे मासा पकडून, मोजून पुन्हा सोडण्याची प्रथा होती आणि प्रत्येक माशाची नोंद होत असे. कुबडी महसीराऐवजी निळसर परांचा दुसरा महसीर गळाला लागू लागला तेव्हा सुरुवातीला तो अनपेक्षित होता; काही वर्षांत तोच नित्याचा झाला आणि मूळचा मासा दुर्मीळ. सरकारी पाहणीला जे दिसले नव्हते ते छंदिष्टांच्या वहीत तारीखवार लिहिलेले होते. निळ्या परांचा तो पाहुणा म्हणजे पुण्याकडची खडशी. संवर्धनाच्या हेतूने, पूर्ण सद्भावनेने केलेल्या कामातून एका दुर्मीळ जातीवर संकट ओढवावे, हा इशारा भोयांच्या जाळ्यापेक्षा मत्स्यबीज केंद्रांच्या कार्यालयात अधिक गंभीरपणे ऐकला गेला पाहिजे.

परका मासा आधी गळवाल्याच्या पकडीतून कळतो, याचे दाखले परदेशांतही आहेत. अमेरिकेतील यलोस्टोन सरोवरात बाहेरचा लेक ट्राउट शिरल्याचे 1994 मध्ये एका गळवाल्याच्या पकडीतून निश्चित झाले. 2002 च्या मे महिन्यात मेरिलँड राज्यातील क्रॉफ्टन येथील लहानशा तळ्यात एकाला अनोळखी मासा लागला, त्याने छायाचित्र घेतले आणि मासा परत सोडला. छायाचित्रावरून तो आशियाई स्नेकहेड, म्हणजे आपल्या मरळीचा चीनकडचा भाऊबंद, असल्याचे ठरले आणि तिथल्या सरकारने सप्टेंबरमध्ये त्या तळ्यात विष टाकून सारे मासे मारले. मराठवाड्यात जिच्या रश्शासाठी पाहुणे थांबतात तिच्या जातभाईने तिथे राष्ट्रीय घबराट उडवावी, यात गंमत आहे.

चौथी शक्यता, म्हणजे नाव नसलेला मासा, विरळ असली तरी महाराष्ट्रात अलीकडेच दोनदा प्रत्ययास आली. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमावरील महादेव मंदिराच्या कुंडातील छोटा मासा 2020 मध्ये स्किस्टुरा हिरण्यकेशी या नावाने नवी जात म्हणून नोंदला गेला आणि पुढच्याच वर्षी त्या जागेला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. मुंबईत जोगेश्वरी येथे अंधांसाठीच्या एका संस्थेच्या आवारातील विहिरीत डोळे नसलेला, भूगर्भजलात राहणारा बामीसारखा मासा मिळाला. 2022 मध्ये त्याचे नाव रक्थमिक्थिस मुंबा असे ठेवले गेले. ही दोन्ही पाणवठ्याची ठिकाणे माणसांच्या रोजच्या वावरातली होती. म्हणूनच ओळख न पटलेला प्रत्येक मासा परका मानून मारण्याची घाई चुकीची ठरते.

व्यवहारात करायचे ते फार अवघड नाही. माशाचा डावीकडून, पर पसरलेला, शेजारी पट्टी किंवा नाणे ठेवून फोटो घ्यावा, तारीख, ठिकाण, साधन आणि पाण्याची स्थिती लिहावी. जात निश्चित होईपर्यंत मासा दुसऱ्या पाण्यात नेऊ नये, आणि सकर, मांगूर किंवा गार यांसारखा उघड परका असल्यास परत सोडू नये. आकुर्डी येथे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र आहे, तिथे आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयाला कळवता येते. पाळलेला मासा नकोसा झाल्यास तो दुकानदाराला परत द्यावा. कात्रजच्या तळ्यात किंवा कोणत्याही ओढ्यात त्याला मुक्ती देऊ नये.

कायद्याच्या बाजूने 2022 च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण अधिनियमात आक्रमक परकीय जातींची व्याख्या आणि त्यांची आयात, व्यापार व प्रसार नियंत्रित करण्याचा अधिकार केंद्र सरकारला देणारे कलम 62अ आले, आणि ते 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. याच्याशी सरकारी व्यवहार मात्र अजून जुळलेला नाही. मांगूर बाळगणे गुन्हा आणि डबक्यांत गप्पी सोडणे आरोग्य खात्याचा कार्यक्रम, अशी आजची स्थिती आहे. परक्या मासळीची बाब जाळेवाल्यांना शिकवण्याआधी ती पाणवठ्यात मासे सोडणाऱ्या सर्व सरकारी खात्यांनी आपसांत एकदा ठरवून घ्यावी.